काशीरामची अक्षरे आणि एकोणसाठ नंबरचे बिल

मित्रांनो, माझ्या डोक्यात चोवीस सुया आहेत. त्या शाईच्या फितीवर आपटल्या की खालच्या कागदावर ठिपके उमटतात आणि ठिपक्याला ठिपका जुळून अक्षर तयार होते. होय, मी एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. आता माझ्या अंगावर जुन्या साडीचा तुकडा पांघरलेला असतो. पण एके काळी मी चालू झालो की घरातली माणसे बोलायची थांबत, कारण माझ्या आवाजापुढे कोणाचे काही ऐकूच येत नसे.

१९९८ साली थर्माकोलच्या दोन तुकड्यांमध्ये बसून मी रत्नागिरीत आलो. विक्रीकर सल्लागार चिंतामणी आगाशे यांनी मला आपल्या कचेरीसाठी घेतले होते. औषधाचे दुकान, बर्फाचा कारखाना, सिमेंटचा व्यापारी अशा कितीतरी लोकांची विवरणपत्रे मी छापली. आगाशेकाका माझे फार कौतुक करत. आलेल्या माणसाला ते सांगत, “हा एका दमात तीन प्रती काढतो. मध्ये कार्बन घाला, की वरची गिऱ्हाइकाला, मधली हिशेबनिसाला आणि खालची आपल्याला.” ते ऐकून मी जरा जास्तच खडखडाट करी.

मला कागद लावायचे काम हेमा पावसकर करायची. ती आगाशेकाकांकडे टायपिंगला होती. कागदाच्या कडेची भोके माझ्या दात्यांवर बसवताना ती कधीच घाई करत नसे. तिचे वडील काशीराम हे पाट्या रंगवणारे. मिरकरवाड्याच्या बंदरातल्या निम्म्या होड्यांवर त्यांनी नावे घातली होती. बाजारातल्या दुकानांवर, शाळांच्या कमानींवर, दवाखान्यांच्या दारांवर चाळीस वर्षे त्यांचीच अक्षरे होती. गोल पोटाची, जाड पायाची, वाऱ्याला रेलून उभी राहिल्यासारखी.

मग २००० सालच्या सुमारास त्यांचा उजवा हात थरथरू लागला. एका होडीचे नाव घालताना रेघ वाकडी गेली. होडीवाल्याने त्यांना दुखवू नये म्हणून काहीच म्हटले नाही, पण दुसऱ्या दिवशी ती रेघ कोणीतरी गुपचूप पुसून नीट केलेली काशीरामांना दिसली. ते घरी आले, कुंचले रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात गुंडाळले आणि पुन्हा ते फडके सोडले नाही.

हेमाला ते बघवेना. कचेरीच्या संगणकावर अक्षरांचे संच असतात हे तिला ठाऊक होते. मग बाबांच्या अक्षरांचा संच का नसावा? ती दर रविवारी ट्रेसिंग पेपर घेऊन बाहेर पडू लागली. शिडी लावून दुकानांच्या पाट्यांवरून आणि ओहोटीला वाळूत टेकलेल्या होड्यांवरून तिने एकेक अक्षर उतरवून घेतले. काही अक्षरे मात्र तिला कुठेच सापडली नाहीत.

“बाबा, ‘ङ’ कुठेच नाही हो मिळत.”

“मिळणार कसा गो बाय? ‘ङ’ची पाटी लावून दुकान कोण काढील?” काशीराम म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच कागद मागितला. डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरून ते बसले. एक ‘ङ’ काढायला त्यांना अकरा दिवस लागले.

कचेरी सुटल्यावर आगाशेकाकांच्या परवानगीने हेमा संगणकावर बसायची. असे दीड वर्ष गेले. मग एका संध्याकाळी ती वडिलांना घेऊन आली, त्यांना माझ्यासमोर खुर्चीवर बसवले आणि मला आज्ञा दिली. काय छापतो आहे ते मला आधी कळत नाही. माझे डोके डावीकडून उजवीकडे फिरत राहिले आणि कागद हळूहळू वर सरकला. त्यावर एका होडीचे नाव होते, ‘दर्यादौलत’.

काशीराम कितीतरी वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “हा माझा ‘द’. असंच पोट काढायचो मी त्याचं.” त्यांनी माझ्या तापलेल्या डोक्याकडे पाहिले. “आणि ह्याचा हात बघ हेमा, जरासुद्धा कापत नाही.”

मित्रांनो, तोवर मी हजारो पाने छापली होती, पण छापलेल्या कागदाकडे कोणी असे पाहिले नव्हते. 

२००२ साली आगाशेकाकांनी नवे यंत्र घेतले आणि मला हेमाला देऊन टाकले. ती मला रिक्षातून मांडीवर घेऊन घरी आली. तिने कर्ज काढून एक संगणक घेतला, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडले आणि ‘काशीराम’ या नावाने तो अक्षरसंच विकायला ठेवला. पंधरा दिवसांनी नागपूरच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याची ई-मेल आली. त्याचा पैशांचा बँक ड्राफ्ट पोहोचला, हेमाने एक बटण दाबले आणि चाळीस वर्षांची अक्षरे चार मिनिटांत नागपूरला गेली. ना पेटी, ना सुतळी, ना एस.टी.चे पार्सल! मी चकित होऊन बघतच राहिलो.

मुंबईला नोकरी करणारा तिचा भाऊ उन्मेष तेव्हा घरी आला होता. तो हसून म्हणाला, “ह्याला बिल कशाला फाडतेस? हवेतून गेलं नि हवेतून पोचलं. कोण विचारणार आहे तुला?”

हेमालाही ते पटल्यासारखे झाले. पण आगाशेकाकांनी ऐकले तेव्हा ते भडकले. “अगं, माल डोळ्यांना दिसत नाही म्हणून विक्री झाली नाही असं होतं का? उलट न दिसणाऱ्या मालाचं बिल अधिक नीट हवं. नोंदणी कर. बिलाला ओळीने नंबर घाल. तारीख, घेणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता, कर वेगळा दाखवलेला. परदेशी गेलं तर त्यावर कर लागत नाही असं लिही, पण बिल कर. आणि नुसतं ‘सॉफ्टवेअर’ लिहू नकोस. काय दिलंस, किती अक्षरं दिलीस, कशा वाटेने दिलीस आणि कशासाठी दिलीस, सगळं लिही.”

नोंदणीसाठी तिने अर्ज केला. मग जागा पाहायला विक्रीकर खात्याचे एक निरीक्षक घरी आले. माणूस अगदी सरळ. पडवीत बसून त्यांनी पाणी घेतले आणि विचारले, “माल कुठे ठेवता?”

हेमाने संगणकाकडे बोट दाखवले.

“तो झाला तुमचा संगणक. माल?”

“त्याच्या आतच आहे, साहेब.”

निरीक्षकांनी वाकून टेबलाखाली पाहिले, मग माझ्या मागे पाहिले. “आणि विकल्यावर शिल्लक किती राहते?”

“होता तेवढाच राहतो.”

त्यांनी पेनाला टोपण लावले. “तीस वर्षांत असा माल मी पाहिला नाही,” ते म्हणाले. काशीराम कोपऱ्यातून हसले. “मी पण नाही हो साहेब. आणि तो मीच बनवलाय.” शेवटी हेमाने मला निरीक्षकांचे नाव काशीरामांच्या अक्षरांत छापायला लावले. निरीक्षकांनी तो कागद घडी न घालता वहीत ठेवला. ‘मालाचे स्वरूप’ या रकान्यात त्यांनी काय लिहिले असेल, याचा विचार मी बरेच दिवस करत होतो. महिनाभरात नोंदणीचे प्रमाणपत्र आले.

त्यानंतर माझे खरे दिवस सुरू झाले. अक्षरे विजेसारखी जात आणि माझे बिल पोस्टाने मागून चालत जाई. दापोलीचा एक छापखाना, इंदूरचे एक मासिक, दूर कॅनडात मुलांना मराठी शिकवणाऱ्या एक बाई. जिथे मी कधी जाणार नव्हतो, त्या गावांची नावे माझ्या सुयांखालून जात होती. खालची प्रत हेमा फायलीत लावायची. काशीराम त्या प्रती चाळत आणि विचारत, “हे इंदूर किती लांब गो?”

२००५ साली विक्रीकराच्या जागी व्हॅट आला आणि बिलाचा नमुना बदलला. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या एका कंपनीने अक्षरसंच मागवला. त्यांच्या हिशेबनिसाचा फोन आला, “नव्या कायद्याप्रमाणे टॅक्स इन्व्हॉइस पाहिजे, म्हणजे आम्हाला कराची वजावट घेता येईल. एक शब्द कमी असला तरी परत पाठवू.” हेमा तीन दिवस आगाशेकाकांकडे खेपा घालत होती. दोनदा बिल चुकले, तिसऱ्यांदा बरोबर झाले. नंबर एकोणसाठ. मधला कार्बन तेव्हा जुना झाला होता आणि खालची प्रत जरा पुसट आली. हेमा म्हणाली, “असू दे, आपल्याच फायलीला तर लावायची आहे.”

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये विजांच्या गडगडाटात टेलिफोनच्या तारेतून वीज घरात आली. मी बंद होतो म्हणून वाचलो. संगणक जळाला. मूळ फाइली आणि साठवलेल्या ई-मेली, सगळे गेले. ट्रेसिंगचे कागद तर आधीच वाळवीने खाल्ले होते. विकण्यापुरती अक्षरांची एक सीडी आगाशेकाकांकडे होती, तेवढीच उरली.

आणि २००८ साली उन्मेषने मुंबईहून एक सीडी पाठवली. एकोणसाठ नंबरचे बिल घेतलेल्या त्याच कंपनीची, दोनशे अक्षरसंचांची. त्यातल्या एकाचे नाव काहीतरी वेगळेच होते, पण हेमाने तो उघडला आणि अक्षरे लगेच ओळखली. तोच ‘द’. अकरा दिवसांचा तोच ‘ङ’.

तिने पत्र लिहिले. उत्तर घेऊन कंपनीचा एक अधिकारीच आला. यज्ञेश त्याचे नाव. तो नम्र होता, पण त्याच्या हातात करारनामा होता. “ही अक्षरं आमच्या कलाकारांनी २००६ साली काढली, असं मला सांगण्यात आलंय,” तो म्हणाला. “तुमच्याकडे त्याच्या आधीचं काही आहे का?”

“फाइली जळल्या. उरलेल्या सीडीवर तारीख नाही,” हेमा म्हणाली.

“मग वाद कशाला? कंपनी काही रक्कम द्यायला तयार आहे. ह्या अक्षरांवर तुमचा हक्क नाही, एवढ्यावर सही करा.”

काशीरामांनी मान खाली घातली. “कर गो सही,” ते पुटपुटले. “पाटी रंगवून झाली की दुकानदाराचीच होते.”

हेमा उठली आणि आतून फायली घेऊन आली. तिने आगाशेकाकांना बोलावणे धाडले. ते आले तेव्हा ती एकोणसाठ नंबरची प्रत शोधून उभी होती. ती प्रत पुसट होती, त्यात दमट हवेने कार्बन आणखी उडाला होता. त्या दिवशी मी पुरेसा जोर लावला होता ना?

यज्ञेशने कागद डोळ्यांजवळ नेला. “काही वाचता येत नाही.”

“असं धरायचं नाही,” काशीराम म्हणाले. त्यांनी थरथरत्या हाताने प्रत घेतली आणि खिडकीच्या उजेडात तिरपी केली. रंग उडालेली जुनी पाटी वाचायला ते अशीच नजर लावत. कार्बनचा रंग गेला होता, पण सुयांचे खळगे कागदात तसेच होते. तिरप्या उजेडात ओळच्या ओळ उभी राहिली. यज्ञेश वाचू लागला.

‘काशीराम अक्षरसंच, आवृत्ती दोन. अक्षरे चारशे अठरा. ई-मेलने दिला, १४ जुलै २००५. फक्त वापरण्याचा परवाना, विक्रीचा हक्क नाही.’ खाली घेणाऱ्याचे नाव. ते त्याच्याच कंपनीचे होते, पत्त्यासह आणि नोंदणी क्रमांकासह.

“ह्याच बिलावर तुमच्या हिशेबनिसाने कराची वजावट घेतली असणार,” आगाशेकाका शांतपणे म्हणाले. “विचारा त्यांना.”

यज्ञेश फोन घेऊन अंगणात गेला. अर्धा तास तो तिकडेच होता. परत आला तेव्हा त्याने चप्पल काढून ठेवली आणि काशीरामांच्या समोर जमिनीवर बसला.

“वरची प्रत आमच्या फायलीत आहे,” तो म्हणाला. “काका, मला खोटं सांगितलं होतं. करारनामा मी परत नेतोय. तुम्ही सांगाल तसा दुसरा करू.”

हेमाने रक्कम नंतर ठरवली. आधी तिने एकच अट घातली: जिथे जिथे ही अक्षरे जातील तिथे ती कोणाची, ते छापले पाहिजे.

चार महिन्यांनी नव्या सीडीचे वेष्टन आले. हेमाने वडिलांच्या हातात भिंग दिले. मागच्या बाजूला, अगदी बारीक, त्यांच्याच वळणात लिहिले होते, ‘अक्षरे: काशीराम पावसकर, रत्नागिरी.’ त्यांनी ते एकदा वाचले. भिंग पुसून पुन्हा वाचले.

“चाळीस वर्षं गावाची नावं रंगवली गो बाय,” ते म्हणाले. “माझं कधी रंगवलंच नव्हतं. कसं दिसतं ते आज कळलं.”

त्यानंतर वर्षभरात माझी फीत बाजारात मिळेनाशी झाली. हेमाकडे नवा प्रिंटर आला. तो मुका आहे, झरझर छापतो आणि फार देखणा आहे. माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. फक्त मला कधीतरी पुसत जा, एवढेच मी हेमाला सांगितले असते, मला बोलता आले असते तर.

पण तुम्हाला मात्र सांगतो. मित्रांनो, आता कितीतरी वस्तू तुमच्या घरी तारेतून येतील. गाणी येतील, चित्रे येतील, खेळ येतील. त्यांना वजन नसेल, वास नसेल. तरी त्या कोणीतरी मनगट घट्ट धरून बनवलेल्या असतील. काही विकलेत तर पूर्ण बिल द्या, काही घेतलेत तर बिल मागा आणि ते जपून ठेवा. आणि बिल हातात आले की आधी रकमेकडे पाहू नका. ती वस्तू कोणाची आहे ते नाव वाचा. मोठ्याने वाचा.