बगळ्यांची पनवती

हेरन्स हरले की निशिकांत टीव्हीकडे पाठ करून बसायचा. या वर्षी त्याला टीव्हीचं तोंड फारसं बघायलाच मिळालं नव्हतं.

हेरन्स म्हणजे सिडनीच्या पश्चिमेकडच्या मिलरटन नावाच्या उपनगराचा रग्बी लीगचा क्लब. जर्सीवर निळे-पांढरे पट्टे आणि छातीवर एका पायावर उभा असलेला बगळा. तेरा दांडगे या बाजूला, तेरा त्या बाजूला. चेंडू घेऊन पुढे पळायचं पण फेकायचा मात्र मागे, आणि सहा वेळा आडवं पाडलं की तो मुकाट्याने समोरच्यांच्या हवाली करायचा. निशिकांत, अमेय आणि सुबोध नोकरीच्या सुरुवातीला मिलरटनला राहिले आणि तिथे हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. पुढे एकेक करून तिघं सिंगापूरला आले, पीआर म्हणजे तिथले कायमचे रहिवासी झाले, केस पांढरे झाले, पण बगळे काही सुटले नाहीत. रविवारी दुपारी, सिडनीत मॅच सुरू होण्याच्या सुमारास, सगळे बुकित तिमाहला निशिकांतच्या कॉन्डोत जमायचे.

सुबोध गेल्या नोव्हेंबरात गेला. ऑफिसातून घरी येताना एमआरटीच्या, तिथल्या मेट्रोच्या, प्लॅटफॉर्मवर छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याची बायको सुचित्रा इतकी वर्षं मॅचच्या वेळी निशिकांतच्या बायकोबरोबर, मीनलबरोबर, स्वयंपाकघरात वडे तळायची आणि बाहेरून येणाऱ्या शिव्यांवरून स्कोअर ओळखायची. मार्चमध्ये नवा सीझन सुरू झाला तेव्हा ती क्लेमेंटीहून बस पकडून एकटीच आली. अंगात सुबोधची जर्सी होती, गुडघ्यापर्यंत लोंबणारी. ती स्वयंपाकघरात न जाता सरळ टीव्हीसमोर, सुबोधच्या जागेवर जाऊन बसली. मीनलने डोळे पुसले.

तिला खेळाची फार ओढ होती असं नाही. पण ऑफिसात सुबोधचं नाव कोणी काढत नव्हतं, पुण्याहून फोन आला की नातेवाईक आवाज खाली आणून बोलायचे. फक्त या एका हॉलमध्ये त्याचं नाव धडपणे, मोठ्याने, चार शिव्यांच्या मध्ये निघायचं. त्यासाठी ती यायची. तेवढ्यासाठी तिने बास्केटबॉलही बघितला असता.

आणि बगळे हरत होते. हरत होते म्हणजे काय, लाज वाटावी असे हरत होते.

"कोचला आधी हाकला," अमेय म्हणायचा. तो पुंगोलहून दोन गाड्या बदलून यायचा, त्यामुळे आपल्या रागाला जास्त किंमत आहे अशी त्याची समजूत होती. "हाफबॅकला किक मारता येत नाही, फुलबॅकला बॉल धरता येत नाही. आपण काय पाप केलंय?"

"मालक नाही ना खमका," निशिकांत म्हणायचा. "मागे क्लब बंद पडत होता तेव्हा बिअर कंपनीने पैसा ओतला म्हणून वाचला. तसा कोणीतरी पाहिजे."

"बिअर कंपनी नंतर आली," सुचित्रा एकदा म्हणाली. सगळ्यांनी वळून बघितलं. "शेजारच्या क्लबमध्ये यांना विलीन करायचं ठरलं होतं ना, तेव्हा कॅन्टीनच्या बायकांनी क्लब वाचवला. खाटकाच्या दुकानाबाहेर टेबल टाकून सह्या गोळा केल्या. केक विकले. लीगचे साहेब मॅचला आले तर त्यांना चहा द्यायला नकार दिला. त्यातल्याच एका म्हातारीकडे सुबोध खोली घेऊन राहायचा."

"हो, सुब्या सांगायचा खरा," निशिकांत म्हणाला.

तेवढं एक वाक्य घेऊन ती आठवडाभर खूश होती.

आता आपल्या लोकांची मॅच बघायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी मांडी सोडायची नाही, कोणी जागा बदलायची नाही, चौकार बसला त्या वेळी जो बाथरूममध्ये होता त्याला तिथेच कोंडून ठेवायचं. क्रिकेटचं हे सगळं सामान या मंडळींनी इमानेइतबारे रग्बीला आणलं होतं. निशिकांत बँकेत रिस्कची गणितं मांडायचा, अमेय शंभर माणसांची आयटी टीम चालवायचा, आणि दोघंही रविवारी डाव्या पायात उलटा मोजा घालून बसायचे.

मे महिन्यातल्या एका मॅचला सुचित्रा पाणी प्यायला उठली आणि नेमका तेव्हा हेरन्सने ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले. ती परत येऊन बसली, समोरच्यांनी दोन केले.

"ताई, तुम्ही जरा आतच थांबता का?" अमेय म्हणाला. "गंमत म्हणून."

ती हसली आणि खरंच आत जाऊन उभी राहिली. मॅच तरीही गेली. पण 'पनवती' हा शब्द त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. सगळे हसत होते, तीही हसली. आपण का हसलो याचा तिला पुढे फार राग आला.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी मीनलचा मेसेज आला. 'उद्या आम्ही बाहेर आहोत गं, मॅचचं जमत नाहीये. तू घरीच बघ.' सुचित्राने घरी बघितली. एकटीने, लॅपटॉपवर, आमटी-भाताचं ताट मांडीवर घेऊन. आणि बगळे जिंकले. शेवटच्या मिनिटाला त्या बावळट हाफबॅकने चक्क किक मारली आणि चेंडू दोन खांबांच्या मधून गेला. सुचित्रा उठून उभी राहिली. घरात दुसरं कोणी नव्हतं. तिने विचारही न करता मीनलला व्हिडिओ कॉल लावला.

फोन निशिकांतच्या मुलीने, इराने उचलला. "मावशी, we won! Finally, lah!"

तिच्यामागे हॉल दिसत होता. सोफ्यावर उभा राहून अमेय नाचत होता. निशिकांत अमेयच्या बायकोला टाळी देत होता. टीपॉयवर वड्यांचं ताट होतं. मग फोन कोणीतरी ओढला, थोडा वेळ नुसतं छत दिसलं, आणि मीनलचा चेहरा आला.

"अगं, आम्ही लवकर परत आलो," ती म्हणाली.

"बरं झालं," सुचित्रा म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी निशिकांतचा फोन आला. आवाजात सगळा मध ओतलेला होता. "मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही कोणी असलं मानत नाही, तुला माहितीये. नुसती गंमत. पण पॅटर्न तर दिसतोय ना? आता एकच मॅच राहिलीय. ती हरलो तर आपण टेबलात शेवटचे, लाकडी चमचा आपल्या गळ्यात. एवढी एक मॅच तू घरी बघ. सुब्यासाठी कर."

सुब्यासाठी. त्या शब्दाने तिचं डोकं सणकलं ते उतरलंच नाही.

जानेवारीत मीनलने तिला मुद्दाम संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं होतं. सगळ्यांच्या आधी तिच्या कपाळाला कुंकू लावलं होतं आणि वाण दिलं होतं. 'आपल्याकडे असलं काही चालायचं नाही,' असं चारचौघींसमोर म्हणाली होती, आणि सुचित्राला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. आता तिला कळलं की ती परीक्षा सोपी होती. तिथे सगळ्यांना ठाऊक होतं की परीक्षा चालू आहे. रविवारी दुपारी, वडे खाताना, कोणी बघत नसताना, त्याच शिकल्यासवरल्या माणसांनी नवरा गेलेली बाई बरोबर शोधून काढली आणि तिला दाराबाहेर ठेवलं. नाव मात्र पॅटर्न दिलं. तिच्या आजीच्या गावची माणसं निदान तोंडावर बोलायची.

शेवटच्या मॅचच्या दिवशी सुचित्राने जर्सी धुऊन, इस्त्री करून घातली आणि बस पकडली.

दार इराने उघडलं. आत पहिला हाफ चालू होता आणि हेरन्स चक्क पुढे होते. मीनल लगबगीने दाराशी आली.

"अगं, ये ना. म्हणजे, असं करूया का, मॅच संपेपर्यंत आपण दोघी खाली पूलपाशी बसू. मी कॉफी घेते."

"तू बस पूलपाशी," सुचित्रा म्हणाली. "मी मॅच बघायला आलेय."

"सुचित्रा, प्लीज," सोफ्यावरून निशिकांत म्हणाला. त्याची नजर टीव्हीवरच होती. "आपण बोललो होतो."

"तू बोलला होतास. मी ऐकत होते." ती आत आली. सुबोधच्या जागेवर अमेय बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, टीव्ही पूर्ण झाकला जाईल अशी. "सुबोध इतकी वर्षं इथे बसला. त्यात आपण दोनदा शेवटचे आलो. दोनदा. तेव्हा त्याला कोणी म्हटलं नाही, सुबोध, तू खाली जा, पूलपाशी बस. आठवतंय का कोणाला? हाफबॅकला किक मारता येत नाही हे तुम्हीच म्हणायचात. कोच नालायक, फुलबॅक नालायक, मालक नाही. मग मी आले आणि सगळं माझ्यामुळे झालं. का, ते तोंडाने सांगा. गंमत म्हणू नका."

मीनल रडायला लागली.

"ताई, तसं काही मनात नव्हतं," अमेय म्हणाला.

"मनात नव्हतं म्हणूनच वाईट आहे. मनात असतं तर लाज तरी वाटली असती. ऊठ."

अमेय उठला. ती बसली.

पुढचा तासभर ताटाला कोणी हात लावला नाही. वडे गार झाले. टीव्हीतला कॉमेंटेटर तेवढा उत्साहात होता. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्यांनी एक ट्राय केला, मग दुसरा. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा हेरन्स एका पॉइंटने मागे होते, चेंडू हाफबॅकच्या हातात आला, त्याने किक मारली, आणि चेंडू डावीकडच्या खांबाच्याही डावीकडून, पार लोकांच्या अंगावर जाऊन पडला. थोड्या वेळाने भोंगा वाजला. लाकडी चमचा नक्की झाला.

निशिकांतने टीव्हीकडे पाठ केली नाही. सवयीने त्याने आधी सुचित्राकडे बघितलं, अमेयने बघितलं, त्याच्या बायकोने बघितलं. मग तिघांच्याही लक्षात आलं आपण काय केलं ते, आणि तिघांनी एकदम खाली जमिनीकडे बघितलं.

सुचित्रा उठली. तिने जर्सी खाली ओढून नीट केली, पर्स खांद्याला लावली.

"हो, मीच हरवलं," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी पहिल्या मॅचपासून हरवायला येणार आहे."