मिरचीची आग नव्हती ती

मी एक जुनी गोधडी आहे, मित्रांनो. नंदुरबारच्या रंजनाबाईनं मला दोन विटलेली लुगडी आणि नवऱ्याचं, म्हणजे लोटनबाबांचं, एक धोतर जोडून शिवलं. टाके वाकडेतिकडे, पण ऊब अशी की अंगावर घेताच डोळा लागावा. लोटनबाबा गेले आणि नात कामिनी आजीच्या कुशीत निजू लागली. आम्ही तिघी एका खाटेवर. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेच.

रंजनाबाई मिरचीच्या पथारीवर, जिथे लाल मिरची वाळत घालतात तिथे, देठं खुडायला जायची. तिथे हातांची लाही लाही होते, हे सगळ्या बायांच्या अंगवळणी पडलेलं. म्हणून बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली तेव्हा तिनं मनावर घेतलं नाही. "मिरचीनी आग शे ती. काम सरनं का जाई," असं सुनेला म्हणाली. मिरची निघावी म्हणून कपड्याच्या साबणानं खसाखसा अंग घासायची. सत्तरीची कातडी ती, आधीच कोरडी आणि कांद्याच्या सालीसारखी पातळ; ती आणखी फाटली. हंगाम संपला तरी खाज काही संपेना. मग सगळे म्हणाले, म्हातारपण. मला असा राग यायचा! म्हातारपण म्हटलं की दवाखान्याची पायरी चढायला नको, हे कुणी ठरवलं?

पुढे कामिनीही खाजवू लागली. मिरचीला कधी हात न लावलेली पोर! तिच्या बोटांत पू झाला, ताप चढला. सुनेनं तिला ओढून घेतलं. "तुमनामुळे मन्ही पोरले हाई व्हयनं. तिले आते जोडे लेऊ नका." पोरीला जवळ घ्यायलाही बंदी झाली. तिची खाट बाहेर पडवीत गेली. पोरीच्या काळजीनं ती रात्रभर दाराकडे बघत पडायची.

सून दोघींना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पाहताक्षणी ओळखलं. "मिरची नाही मावशी, खरूज आहे. एकत्र निजल्यानं पसरते. तुम्ही आधीच आला असतात, तर पोरीपर्यंत गेली नसती."

सगळ्या घरानं मलम लावलं. मला उकळत्या पाण्यात बुडवलं, कडक उन्हात टाकलं. माझे रंग उतरले, त्याचं मला दुःख नाही. हळूहळू दोघी बऱ्या झाल्या.

सून भली बाई. तिनं स्वतः खाट आत आणली. "मन्हं चुकनं, आत्याबाई," म्हणाली. कामिनी तर उडी मारून माझ्यात शिरली. "आजी, मी तुन्हाजोडे निजसु!"

रंजनाबाईनं अंग चोरलं. "नको बेटा. मायजोडे निज. मन्हं अंग खराब शे."

"डॉक्टरीणबाईनी सांगं ना, आते काहीच नही!"

तरी ती भिंतीकडे तोंड करून निजली. खाटेची अर्धी बाजू तेव्हापासून रिकामीच आहे.

मित्रांनो, कातडी बरी करणारं मलम मिळतं. आपल्यामुळे पोरीला पुन्हा काही होईल, ही भीती कशानं जावी, मला ठाऊक नाही. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस खाजवताना दिसलं, तर हसू नका, वाट पाहू नका, घरच्या मोठ्यांना सांगून त्याला दवाखान्यात न्यायला लावा. आणि ते बरं झालं की, नको म्हणालं तरी, त्याच्या कुशीत शिरा. कामिनी अजून लहान आहे. आजी नको म्हणाली, आणि ती खरंच आईजवळ निजायला निघून गेली.