पलीकडचा डॉक्टर

समुद्रात एक खडक होता, चार माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढाच. पण दोन्ही देश त्याला आपला म्हणत, त्यामुळे आसपासच्या पाण्यात दोन्हीकडच्या नौदलांची गस्त असे. त्यांच्या बोटी समोरासमोर आल्या की रेडिओवरून एकमेकांना ‘आमच्या हद्दीतून बाहेर व्हा’ असं बजावत आणि आपापल्या वाटेला लागत. अलीकडच्या बोटीवरच्या कप्तानाला पलीकडच्या कप्तानाचा आवाज चांगला ओळखीचा झाला होता, पण तोंड कधी पाहिलं नव्हतं.

एका दुपारी समुद्र खवळला. बोट एका अंगावर कलली आणि उकळत्या पाण्याचं पातेलं आचाऱ्याच्या अंगावर आलं. सगळे त्यांना मामा म्हणत. छाती, दोन्ही हात भाजून निघाले. मलमपट्टी जाणणारा एक खलाशी होता, पण हे त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं आणि किनारा लांब होता. पलीकडच्या जहाजावर मात्र डॉक्टर असतो, हे बोटीवर सगळ्यांना ठाऊक होतं.

दुय्यम अधिकारी बाई धोरणी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “साहेब, आज त्यांना बोलावलं तर उद्या म्हणतील, इथे माणसं आम्ही वाचवतो, म्हणजे पाणी आमचं.”

त्यांचं चुकत नव्हतं. कप्तानाने मुख्यालयाकडे परवानगी मागितली. मुख्यालयाने सांगितलं, वर विचारतो, तोवर थांबा. आतून मामांचं कण्हणं ऐकू येत होतं. कप्तान नवखा असताना बोट लागून आडवा पडायचा, तेव्हा याच माणसाने त्याला मांडीवर घेऊन घोटघोट पाणी पाजलं होतं. त्याने रेडिओ उचलला.

“जबाबदारी माझी,” तो बाईंना म्हणाला.

पलीकडच्या कप्तानाला इकडची भाषा मोडकीतोडकी येत होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, हद्दीचा शब्दही काढला नाही. डॉक्टर निघतोय म्हणाला. होडीवर त्यांचा झेंडा नसेल तर बरं, हे कसं सांगावं, ते कप्तानाला सुचेना. त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. होडी पाण्यात सोडण्याआधी तिकडचा एक खलाशी तिच्यावरचा झेंडा उतरवून नीट घडी घालत होता.

कप्तानाने दुर्बीण बाईंच्या हातात दिली. त्यांनी पाहिलं आणि डॉक्टरसाठी शिडी सोडायला स्वतःच धावल्या.

डॉक्टर पोरगेलासा होता, ओलाचिंब होऊन वर आला. त्याने सलाईन लावलं, दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं, जखमा झाकल्या आणि किनाऱ्याकडून रुग्णवाहिका-बोट येईपर्यंत मामांच्या उशाशी बसून राहिला. तो निघाला तेव्हा कप्तानाने त्याचे हात हातात घेतले.

पुढे मुख्यालयाने कप्तानाची चांगली खरडपट्टी काढली. त्याने झालं तसं सांगितलं, झेंड्याचंही सांगितलं. पलीकडून त्या मदतीचा कुठेच गाजावाजा झाला नाही, तेव्हा प्रकरण आपोआप निवलं.

मामा बरे होऊन कामावर परतले. पहिल्याच गस्तीत त्यांनी रेडिओसाठी हट्ट धरला. पलीकडे डॉक्टरला बोलावलं गेलं. वाटेत मामांनी आभाराचं भाषण घोकलं होतं, ते ऐनवेळी साफ उडालं.

“जेवलास का रे बाळा?” त्यांनी विचारलं.

पलीकडे कुणीतरी त्याला अर्थ सांगितला असावा. जरा वेळाने अडखळत उत्तर आलं, “जेवलो, मामा. तुम्ही?”