पुढचा बाक

"लावा कुलूप, वेंडेल," मार्लिसबाई आपल्या जागेवरूनच ओरडल्या, "आणि आता खुद्द राज्यपाल आले तरी उघडू नका!"

मी कुलूप लावलं. आमच्या राज्याच्या सेनेटच्या दारावर मी बरीच वर्षं उभा आहे. त्याआधी दुधाचा टँकर चालवायचो. दोन्ही कामांत फारसा फरक नाही. नासलेला माल वासावरून ओळखता आला म्हणजे झालं.

मार्लिस एंगर बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्या. बहुमत कसलं, एका मताचं. आणि ते एक मत, म्हणजे लेनी ब्रून नावाचा महाभाग, त्या सकाळी गायब होता. अशा वेळी नेत्याला हजेरीचा हुकूम मागता येतो. मग दारं बंद होतात, पोलीस त्या माणसाला शोधून आणतात, आणि तो येईपर्यंत मतदानही होत नाही आणि कुणाला बाहेरही जाता येत नाही. विधेयक खेड्यांतले लहान दवाखाने वाचवण्याचं होतं आणि मुदतीचा तो शेवटचा दिवस. हुकूम मागितला नसता तर विरोधकांनी लेनी यायच्या आत मतदान उरकून ते पाडलं असतं.

बाईंना वाटलं, तासाभरात सापडेल. कुठे जाणार? मार्च महिन्यात तो गोठलेल्या तळ्यावर झोपडी टाकून मासे धरत बसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण लेकाच्याने झोपडी हलवली होती. पोलीस एकेका झोपडीचं दार ठोठावत हिंडत होते आणि दर वेळी भलताच म्हातारा बाहेर डोकावत होता.

आणि दोन वाजता आर्डिस फोइटचा अंत्यविधी होता, तासाभराच्या वाटेवर.

आर्डिस गुरांची डॉक्टर. माझ्या भावाच्या गोठ्यात आडवं आलेलं वासरू तिने खांद्यापर्यंत हात घालून काढलंय. ती आणि मार्लिसबाई तळ्याकाठच्या एकाच घरात राहत, अर्धं आयुष्य. निवडणुकीच्या पत्रकावर बाईंशेजारी त्यांचा कुत्रा असायचा. त्याचा पट्टा धरलेला हात आर्डिसचा, तेवढाच फोटोत यायचा. लोकांना कळत नव्हतं असं नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आमच्याकडची माणसं ती मूठ झाकून ठेवायला मोठी तत्पर. मतं द्यायची, चौकशी करायची नाही.

दाराच्या आतल्या बाजूला टेलिफोन आहे. त्यावर बाई आर्डिसच्या भावाशी बोलत होत्या. अंगात काळा कोट होता, सकाळपासून काढलेलाच नव्हता.

"येते म्हटलं ना, रोलंड... कुठे? चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर?... नाही, माझं काही म्हणणं नाही. पुढचा बाक घरच्यांचा, बरोबर आहे तुमचं." त्यांनी फोन ठेवला.

मला राहवलं नाही. "काय माणूस आहे हो हा! दोन वर्षांचं आजारपण तुम्ही काढलंत, आणि हा मेला नाताळातही कधी फिरकला नाही!"

"वेंडेल, तुम्ही दार बघा," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. डोळे मात्र पार खोल गेले होते.

तेवढ्यात त्यांच्याच पक्षाचा डुएन कोलस्टाड जवळ आला. त्याचा मतदारसंघ फार देवभोळा, आणि तो त्याहून. "मार्लिस, वाईट वाटतं गं मला. खरंच. आर्डिस भली बाई होती."

"होती."

"पण सभेत उठून तसलं काही बोलू नकोस. विधेयकावर माझं मत आहे, अजून दोघांचं आहे. तू बोललीस तर घरी जाऊन आम्हाला तोंड दाखवता येणार नाही. विधेयक जाईल, तुझं नेतेपदही जाईल. मीच ठराव मांडीन, आधी सांगतो."

"मी तोंड उघडलंय का, डुएन?"

"म्हणून तर आताच सांगतोय."

बारा वाजले. तळ्यावरून निरोप आला, अजून पत्ता नाही. शेवटी बाई उठल्या आणि त्यांनी सभापतींकडे बाहेर जायची परवानगी मागितली. स्वतःच लावून घेतलेल्या कुलपातून बाहेर पडायची! कुणीतरी हसलंदेखील.

"कारण?" सभापतींनी विचारलं.

"अंत्यविधी."

हसणाऱ्याने समोरचे कागद चाळायला घेतले. विरोधी पक्षाचे नेते ऑरव्हिल स्टेनरुड उठले. म्हातारा खडूस, पण रीतभात जाणणारा. गेल्या हिवाळ्यात त्यांची बायको गेली. आमच्याकडे कुणाच्या घरचं माणूस गेलं, की दिवसअखेर त्याच्या स्मरणार्थ सभा संपवतात. सगळे उभे राहतात, आणि ज्याच्या घरचं गेलं तो एकटा बसून राहतो. तेव्हा स्टेनरुड बसले होते, आणि ठराव मांडला होता मार्लिसबाईंनीच.

"घरचं मरण असेल तर माझी हरकत नाही," स्टेनरुड म्हणाले. "बाईंनी जावं. मी माझं मत राखून ठेवीन, म्हणजे पारडं होतं तसंच राहील. मात्र नियम घरच्यांपुरता आहे. गेलेली व्यक्ती आपली कोण, तेवढं बाईंनी सांगावं."

डिवचत होते की वाट करून देत होते, देव जाणे. मला अजून ठरवता येत नाही. सगळं सभागृह बाईंकडे बघत होतं आणि बाई डुएनकडे. डुएन हातातल्या पेन्सिलीकडे.

एक शब्द. बोलल्या असत्या तर मी पळत जाऊन दार उघडलं असतं. माझा हात खिशातल्या किल्लीवर होता. बोला हो बाई, मनात म्हणत होतो मी, मरू देत ते दवाखाने! आणि माझी धाकटी बहीण त्यांतल्याच एका दवाखान्यात दर आठवड्याला रक्त शुद्ध करून घेते.

"मैत्रीण," बाई म्हणाल्या.

"मग नियमात बसत नाही," सभापती हळूच म्हणाले.

त्या खाली बसल्या. दोन वाजले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि कोटाचं वरचं बटण लावलं. गावच्या चर्चमध्ये तेव्हा तिसऱ्या बाकावर एक जागा रिकामी असणार. नंतर तळघरात हॅमची सँडविचेस वाटली असतील, कॉफी झाली असेल, आणि मार्लिस का आली नाही म्हणून कुणी विचारलंही नसेल.

तीनच्या पुढे पोलिसांनी लेनीला आणलं. बूट ओले, अंगाला माशांचा वास. "अरे, आज होतं का? मला वाटलं उद्या!"

"बस, लेनी," बाई म्हणाल्या. "आणि फक्त हो म्हण."

तो हो म्हणाला. डुएनही म्हणाला. विधेयक एका मताने मंजूर झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, लेनीने तर वाकून मुजरा केला, गाढव कुठला. मी दाराकडे निघालो.

"सभापती महोदय," बाईंचा आवाज आला. "आजची सभा आर्डिस फोइट यांच्या स्मरणार्थ संपवावी. त्या गुरांच्या डॉक्टर होत्या."

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. स्टेनरुड सगळ्यांत आधी.

मार्लिसबाई बसल्या.

डुएन वाकला. त्याला वाटलं, दमल्यात, विसरल्यात. "मार्लिस, ऊठ. सगळे उभे आहेत."

"दिसतंय मला."

"अगं, घरचं माणूस तेवढं बसतं!"

"माहीत आहे, डुएन," त्या म्हणाल्या, आणि पाठ टेकून नीट बसल्या.

डुएनचे कान लाल झाले. माणूस शब्दाचा पक्का. महिन्याभरात त्याने ठराव मांडला आणि बाईंचं नेतेपद गेलं. पण ते नंतर. त्या घटकेला सगळी सेनेट उभी होती आणि बाई एकट्या बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, रडत.

बाहेरून बातमीदार दार ठोठावायला लागले. किल्ली माझ्या हातात होती. मी ती परत खिशात टाकली. ठोठावा म्हटलं. बाई बसल्यात.