बालाजीरावांचा राग आणि माझी बटणं

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे आणि माणसांच्या रागाचा मला मनापासून वीट आला आहे. चिडवतो एक, चिडतो दुसरा आणि मार खायचा कुणी? मी!

माझा जन्म श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी शहरात, नुंगंबाक्कमला ऊर्मीच्या टेबलावर आलो. नोकरी सोडून ती घरूनच लोकांना ॲप बनवून देते. सुरुवातीला ती मला रोज मऊ फडक्याने पुसायची, मैत्रिणींजवळ माझं कौतुक करायची. मग गिऱ्हाइकं वाढली, त्यांच्या तक्रारी वाढल्या आणि माझं पुसणं थांबलं. आता माझ्या फटींत मुरुक्कूचा, म्हणजे इकडच्या चकलीचा, चुरा साचला आहे.

सगळ्यांत तिखट गिऱ्हाईक म्हणजे बालाजीराव. तंजावरकडचे जुने मराठी. कारखान्यांच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्यांचे मालक. बस कुठे पोहोचली हे दाखवणारं ॲप ऊर्मी त्यांना करून देत होती. ते पसंत पडलं, तर वर्षभराचं काम मिळणार होतं. नाहीतर पुन्हा नोकरी शोधायची, असं तिने ठरवलं होतं.

परवा सकाळी त्यांची मेल आली. 'शाळकरी पोरही याहून बरं करेल. तुम्हाला अक्कल आहे का?' झालं! ऊर्मीने पुढे वाचलंच नाही. ती दणादण माझ्यावर तुटून पडली आणि बालाजीरावांची अक्कल काढू लागली. अगं बाई, मी काय घोडं मारलं होतं तुझं?

तेवढ्यात तिचे बाबा, उपेंद्रराव, कॉफी घेऊन आले. त्यांची सारी हयात एग्मोरच्या रेल्वे कचेरीत गेली.

"ऊर्मी, पाठवू नकोस. आम्हाला मेमो मिळाला, की आम्ही एकेक वाक्य घेऊन त्याखाली उत्तर लिहायचो. कामाचं नसेल ते सोडून द्यायचो."

"बाबा, हा मेमो नाही, शिव्या आहेत!"

"मग शिव्या खोड. उरतंय काय ते बघू."

तिने ती मेल वेगळ्या पानावर घेतली आणि फणफणत खोडायला लागली. शाळकरी पोर गेलं, अक्कल गेली. शेवटी एकच वाक्य उरलं. 'सकाळची बस चुकलेल्या बाईला पुढची बस कधी, हे कुठे दिसतं?'

ते कुठेच दिसत नव्हतं. ऊर्मीने आधी लिहिलेलं उत्तर पुसून टाकलं. मला वाईट वाटलं, कारण कारखान्यात मला जोडणाऱ्या बायका अशाच बसने यायच्या आणि बस चुकली की त्यांचा खाडा व्हायचा. बालाजीराव फटकळ खरे, पण बोलले होते बरोबर.

तिने हळूच लिहिलं, 'चूक माझी आहे. दोन दिवसांत सुधारते. पण माझ्या अकलेविषयी पुन्हा लिहू नये.'

आज उत्तर आलं. 'पुढची बस दिसते. वर्षाचं काम तुमचंच.' आणि खाली सात नव्या तक्रारी! ऊर्मीने दातओठ खाल्ले, पण सातही वाचून काढल्या आणि मगच माझ्यावर बोटं ठेवली.

मित्रांनो, कुणी टाकून बोललं तर राग येणारच. पण आधी शेवटपर्यंत वाचा. आणि बोलणाऱ्यांनो, कामाची गोष्ट पहिल्या ओळीत लिहीत जा. तिच्या आधीच्या प्रत्येक शिवीचा मार कुणीतरी गरीब बिचारा खात असतो.