मोडीत घातलेला पैलवान

खोल गल्लीतले जुने शिशाचे नळ उपसून काट्यावर घातले तेव्हा त्यांचं वजन निम्मंच भरलं. उरलेलं निम्मं शिसं गल्लीनं पिऊन टाकलं होतं. याचं कुणाला नवल वाटलं नाही. नळ पणजोबांच्या काळचे आणि तहान रोजची. आपल्या अंगात काहीतरी जड साठलंय हे ज्याचं त्याला ठाऊक होतं.

सौदा साधा होता. बायका जुनी भांडी मोडीत घालून नवी घेतात, तसे जुने नळ वजनावर द्यायचे आणि नवे निळे पाइप घ्यायचे. शहराच्या तिजोरीत खडखडाट, म्हणून ठेकेदारानं अशी तोड काढली होती. त्याचा मुकादम गल्लीच्या तोंडाशी भला मोठा तराजू टांगून बसला. माणूस मऊ बोलणारा, केस तेल लावून चापून बसवलेले. तो म्हणाला की घट आली आहे, आणि ज्यांनी पाणी प्यायलं त्यांनीच ती भरून द्यायची. तोवर पाणी बंद राहील. बोलताना त्याचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

पहिली करंगळी तालमीच्या रंगराव वस्तादांनी दिली. मुकादमाच्या माणसानं ती लोखंड कापायच्या करवतीनं कापली. आतून ती नखापर्यंत करडी होती, आणि तागडीत पडली तेव्हा खण्णकन वाजली. वस्तादांनी हाताला फडकं गुंडाळलं आणि बाकीच्यांना रांगेत उभं केलं. कुणी पायाचा अंगठा दिला, कुणी कानाची पाळी. शेवंताबाईनं दाढ उपटून दिली आणि वर हिशेबाला ती मोठी धरा म्हणून भांडली. थेंबे थेंबे तळं साचे म्हणतात, पण काटा जागचा हलला नाही.

पाणी बंद झालं तशी गल्ली आकसायला लागली. वाळत घातलेलं कातडं आकसतं, तशी. समोरासमोरची घरं रोज वीतवीतभर पुढं यायची. काही दिवसांनी शेवंताबाई आपल्या चुलीपुढं बसूनच हात लांब करायची आणि समोरच्या घरातल्या मालनच्या भांड्यावरचं झाकण उचलून आत काय शिजतंय ते बघायची. शेजार म्हणावा तर असा. शिजत मात्र काहीच नसायचं, कारण पाणी नव्हतं.

ही मालन म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या हिंदुराव पैलवानाची बायको. हिंदुरावाची पाठ उभ्या जन्मात मातीला लागली नव्हती, आणि त्याला कारण एकच, तो कुणाच्यानं उचललाच जात नव्हता. तालमीतला नळ गल्लीत सगळ्यांत जुना, आणि पहिलं पाणी पैलवानाला ही गल्लीची रीत. घागरीच्या घागरी त्याच्या घशाखाली उतरल्या. कुस्ती मारली की पोरं त्याला खांद्यावर घ्यायला धावायची. दोघांची गळपट्टीची हाडं मोडली, तेव्हापासून मिरवणूक बैलगाडीतनं निघायला लागली. तो घरात चालला की फरशा तडकायच्या, आणि गल्ली त्या तडकलेल्या फरशा पाहुण्यांना कौतुकानं दाखवायची.

मग तो विसरायला लागला. तालमीतून घरी यायची वाट विसरला, तेव्हा लोक हसले. पैलवानाची अक्कल गुडघ्यात, त्यात नवं ते काय? एकदा तो मालनला "अहो बाई" म्हणाला, तिचं नावच त्याला आठवेना, तेव्हा तर गल्ली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मालनही हसली. घरी जाऊन दार लावल्यावर मात्र तिला हसू आलं नाही.

तिचं दुखणं निराळंच होतं. त्यांना एक मुलगी झाली होती. तिचं नाव हिंदुरावानं मनात ठरवून ठेवलं होतं आणि तो कुणाला सांगत नव्हता. बारशाला बहिणीच्या कानात सांगीन, ती बाळाच्या कानात सांगेल, मग साऱ्यांनी ऐका, असं म्हणून तो मिशीत हसायचा. पाळणा बांधून झाला, घुगऱ्या भिजत पडल्या, आणि आदल्या दिवशी बाळ गेलं. पुढं किती तरी दिवस मालनला विचारायचा धीर झाला नाही. झाला तेव्हा तो नाव विसरून गेला होता. तेव्हापासून मालनला एक लेक होती आणि तिला हाक मारता येत नव्हती. दिवा लावताना तिचे ओठ हलायचे आणि तिथंच थांबायचे. ते एक नाव मिळालं असतं, तर तिनं बाकी साऱ्या जगाला माफ केलं असतं.

सगळ्यांत जास्त शिसं हिंदुरावाच्याच अंगात होतं; काटा हलेना तेव्हा गल्ली त्याच्या दाराशी आली ती हलगी वाजवत. वस्तादांच्या हातात फेटा होता आणि नारळ. त्यांनी हिंदुरावाच्या डोक्याला फेटा बांधला.

"हिंदुराव, गल्लीनं तुला पाणी पाजलं," वस्ताद म्हणाले. "आता गल्ली तहानलीय."

हिंदुरावाला त्यातलं काही कळलं नाही. त्याला फेटा दिसला, हलगी ऐकू आली, आणि कुस्ती लागली असं समजून त्यानं शड्डू ठोकला.

गल्ली इतकी अरुंद झाली होती की त्याच्यापुढं एका वेळी एकच माणूस उभा राहू शकत होता. पहिल्याला त्यानं उचलून उंबऱ्यावर आपटला, आणि त्याची मान भलत्याच बाजूला वळून राहिली. दुसऱ्याला त्यानं भिंतीशी दाबला. त्याच्या बरगड्या एकामागून एक मोडल्या, सुक्या काटक्या मोडाव्या तशा. प्रत्येक डावानंतर हिंदुराव हसायचा आणि पडलेल्याला उठवायला हात पुढं करायचा, ही त्याची आखाड्यातली जुनी सवय. पडलेला उठला नाही की तो गोंधळून मालनकडं बघायचा. हलगीवाला वाजवतच राहिला, कारण त्याला थांब असं कुणी सांगितलं नव्हतं. तिसरा चर खणायची कुदळ घेऊन आला. त्यानं ती उगारली आणि हिंदुरावाचा डावा हात कोपरापासून तोडला. हात उंबऱ्यावर पडला आणि उंबरा दुभंगला.

रक्त फारसं आलं नाही. हिंदुरावानं आपल्या थोट्या हाताकडं पाहिलं, मग दारात उभ्या बायकोकडं.

"मालन," तो म्हणाला. "आत जा. माणसं चिडल्यात."

किती वर्षांनी मालननं आपलं नाव त्याच्या तोंडून ऐकलं. ती मढी ओलांडून त्याच्यापाशी गेली आणि तिनं त्याला आणखी काय आठवतंय ते विचारलं. लग्नात तिचं एक जोडवं हरवलं होतं आणि ते शेवटी त्याच्याच चपलेत सापडलं होतं, असं त्यानं सांगितलं. हे खरं होतं. जितकं शिसं बाहेर पडेल तितका नवरा परत येतोय, हे तिला गल्लीच्या आधी उमगलं. तिला स्वतःची भीती वाटली, तरी ती बोलली.

"बसवा त्यास्नी तागडीपाशी," ती म्हणाली. "करवत सावकाश चालवा. मला त्यांच्यासंगं बोलायचंय."

ती म्हणाली म्हणून हिंदुराव आपण होऊन तागडीपाशी जाऊन बसला. उजवं पाऊल कापून तागडीत टाकलं तेव्हा त्याला घरची वाट आठवली, सगळ्या वळणांसकट. गुडघ्यातून सगळ्यांत मोठा गोळा निघाला आणि त्याबरोबर आजवरच्या सगळ्या कुस्त्या, पाडलेल्या प्रत्येक गड्याचं नाव आणि गाव. यावर कुणाला हसू आलं नाही. पण शुद्ध येत गेली तसं त्याला दुखायलाही लागलं. मघाशी न आलेलं रक्त आता लालभडक उडत होतं. तो ओरडत होता, आणि दोन ओरडण्यांच्या मध्ये आठवेल ते सांगत होता. मालन पदरानं त्याचं तोंड पुसत राहिली. पुरे करा असं तिच्या ओठांवर येत होतं आणि ती ते गिळत होती.

"मालन, लई दुखतंय गं."

"व्हय. बाळाचं नाव आठवतंय का?"

"पाळणा आठवतोय."

तिनं मुकादमाकडं पाहून मान डोलावली. मांडी गेली, दुसरी गेली, मग कंबर, मग उरलेला हात. झबलं हिरवं होतं, तो म्हणाला. टाळूवर जावळ दाट होतं. ती झोपेत मूठ चोखायची. छातीवर करवत लागली तेव्हा तो म्हणाला की नाव त्याला त्याच्या आज्जीवरनं सुचलं होतं. पण आज्जीला सगळे नुसतं आज्जीच म्हणायचे. तेवढ्यात काटा मधोमध आला.

"भरलं," मुकादम म्हणाला. त्यानं करवत पुसली. तो सचोटीचा माणूस होता, गुंजभरही जास्त घेणारा नव्हता. त्यानं हात वर केला आणि निळ्या पाइपांतून पाणी आलं.

लोक घागरी घेऊन धावले. पडलेल्यांना ओलांडून धावले. पाणी मुरलं तशी गल्ली सैल होत गेली. घरं मागं सरकली, शेवंताबाईचं दार दूर गेलं, आणि मधल्या मोकळ्या जागेत मालन एकटी उरली. तिनं तागडीपासून नवऱ्याला उचललं. डोकं, मान आणि थोडा खांदा एवढाच तो शिल्लक होता. हिंदुरावाला उचलणारी ती पहिलीच. तो इतका हलका होता की तिला क्षणभर वेडा आनंद झाला. फुटक्या उंबऱ्यावर बसून तिनं त्याला मांडीवर घेतलं.

"तोंडावर आलंय," तो म्हणाला. त्याचे डोळे अगदी स्वच्छ होते. "डोस्क्यात थोडं शिसं ऱ्हायलंय. कानाच्या मागं. नाव तिथंच अडकलंय."

मालननं मुकादमाला हाक मारली आणि करवत मागितली.

"वजन भरलंय, वहिनी. जास्तीचं घेता येत नाही."

"तुमच्यासाठी न्हवं," ती म्हणाली.

त्यानं करवत दिली आणि तो तराजू सोडवायला लागला. लांबून शेवंताबाई ओरडून सांगत होती की पाण्याला जोर आहे तोवर भरून घे. मालननं हिंदुरावाच्या कानामागचे केस हळूच बाजूला केले. एक अक्षरही निसटू नये म्हणून आपला कान त्याच्या ओठांना लावला, आणि करवत ओढली.