शेपटीच्या चरबीचा घास

माझ्या थोरल्या बहिणीला, उलतायला, तिची होणारी विहीण पहिल्या भेटीपासून पाण्यात पाहत होती. बगिला तिचं नाव, कझाकस्तानातल्या आमच्या ताराझ शहराच्या बाजारात तिचं कापडाचं दुकान. तिचा मुलगा येरासिल आणि उलतायची लेक तोर्गिन यांनी परस्पर जमवलं होतं, म्हणून ती नाइलाजाने बोलणी करायला आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "आई बघून मुलगी करावी म्हणतात. ही आई तर दारात मावत नाही."

उलताय तेव्हा एकशेतीस किलोची होती. रोज इन्सुलिन टोचून घ्यायची, तरी साखर हटत नव्हती. भूक अशी, की जेवून हात धुताना पुन्हा पोटात खड्डा. नवरा, केनेस, फ्रिजला कुलूप लावायचा.

वसंतात ती अल्माटीला गेली आणि जठराचा मोठा भाग कापून घेऊन आली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, "घ्रेलिन म्हणून एक संप्रेरक असतं. ते जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि मेंदूला भूक कळवतं. जेवल्यावर ते उतरायला हवं, तुमचं उतरत नाही. त्यात शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. हा तुमचा गुन्हा नव्हे." हे ऐकून उलताय तिथेच रडली. ऑपरेशननंतर वजन फारसं उतरण्याआधीच साखर खाली आली. भूक तर गेलीच.

सोयरीक पक्की करायचा दिवस उजाडला तेव्हा ऑपरेशनची जखम नुकतीच भरली होती. मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज व्याह्यांनी एकमेकांच्या तोंडात घातल्याशिवाय आमच्यात सोयरीक होत नाही. बगिलाने मूठभर घास उचलला.

"उघडा तोंड, विहीणबाई."

"नखाएवढा द्या. जठर केळ्याएवढं उरलंय माझं. चरबी सोसत नाही."

"आमचीच सोसत नाही? आजवर जगाची सोसली की!"

तिच्याकडच्या बायका फिदीफिदी हसल्या. उलताय शांतपणे घ्रेलिनचं सांगू लागली.

"घ्रेलिन की फ्रेलिन!" बगिला म्हणाली. "आमच्यात त्याला हावरटपणा म्हणतात. पोरीच्या रक्तातही आहे का ते, आधी सांगा."

केनेस दातओठ खात पुटपुटला, "गिळ गं! चारचौघांत शोभा करू नकोस."

"आई, एकच घास," तोर्गिन म्हणाली. "माझ्यासाठी."

उलतायने तोंड उघडलं. बगिलाने सगळी मूठ आत कोंबली आणि वर तळवा दाबून धरला. गिळेपर्यंत सोडला नाही. थोड्याच वेळात उलतायला दरदरून घाम फुटला आणि सगळं उलटून आलं, जेवण मांडलेल्या दस्तरखानाच्या कापडावर आणि आम्हीच बगिलाला आहेर म्हणून घातलेल्या मखमली झग्यावर.

"ओकली! आमच्या सोयरिकीवर ओकली!" बगिला किंचाळली.

उलतायने तोंड पुसलं. "इतकी वर्षं खाते म्हणून शिव्या खाल्ल्या. आता खात नाही म्हणून खाऊ? उठा. निघा माझ्या घरातून."

सोयरीक मोडली. शरद ऋतूत तोर्गिन येरासिलबरोबर निघून गेली. बगिलाने रिवाजाप्रमाणे डोक्याला रुमाल बांधून तिला सून करून घेतलं, आम्हाला निरोपही नाही. उलतायने फोन केला तर लेक म्हणाली, "तुला तुझं पोट प्यारं." केनेसही महिनाभर उलतायशी बोलला नाही. या सगळ्यात तिची इन्सुलिनची सुई मात्र सुटली.

पुढच्या उन्हाळ्यात बगिलाचा फोन आला. "पोरगी गरोदर आहे आणि साखर चढलीय. तुमचंच रक्त!"

"तिला माझ्याकडे पाठवा. आणि तिच्या तोंडात बळेच काही कोंबू नका."

फोन आपटला गेला. दोन दिवसांनी तोर्गिन पिशवी घेऊन दारात उभी.

"तुझ्यासाठी नाही आले. दवाखाना इथून जवळ पडतो."

"जवळ पडतो खरा," उलताय म्हणाली आणि उकडलेलं मांस, काकडी ताटलीत वाढून तिच्यापुढे ठेवली.

"एवढंच?"

"भूक राहिली तर माग. या घरात आता कुणी खादाड म्हणणार नाही."

तोर्गिन रागातच जेवली. ताटली पुढे सरकवून आणखी मागितलं, तेही रागातच.